प्रसरणमापकाजवळ बसणारा सहदेव

सहदेव घाडीगावकरची मुलगी राधा दिंडोशीला राहते. मध्यंतरी तिच्याकडे गेलो होतो. तिने विचारलं, "काका, बाबा कारखान्यात नेमकं काय करायचे हो? आम्ही विचारलं की म्हणायचे, बसतो. आई सांगायची, मशीनची राखण करतात." मी सांगायला सुरुवात केली, पण मला तोंडाने नीट सांगता येत नाही. भट्टी, नळी, काटा असं काहीतरी बोललो आणि माझंच मला कळेना. तिने समजल्यासारखी मान हलवली आणि चहा ठेवायला उठली. घरी आल्यावर वाटलं, लिहून पाहावं. मी आयुष्यभर रिपोर्ट लिहिले, बाकी काही नाही. हे कितपत जमेल, ठाऊक नाही.

मुलुंडला आमचा चिनीमातीचा कारखाना होता. आता तिथे उंच इमारती झाल्या आहेत. विजेच्या खांबावर तारा जिथे अडकवलेल्या असतात तिथे तपकिरी, चकचकीत, बशा एकावर एक रचल्यासारखं काहीतरी दिसतं, ते इन्सुलेटर आम्ही बनवत होतो. माती घडवायची, तिच्यावर लेप द्यायचा आणि भाजायचं. भाजल्यावर लेपाची काच होते. अडचण अशी की माती तापली की वाढते, लेपही वाढतो, आणि गार होताना दोन्ही आकसतात. दोघांचं आकसणं जुळलं नाही तर लेपाला केसासारखे तडे जातात. घरातल्या जुन्या कपाला असतात ना, तसे. कपाचं कुणी मनावर घेत नाही. खांबावरच्या इन्सुलेटरच्या तड्यात पाणी शिरलं तर मात्र तो वाया गेला. म्हणून नवी माती आली, लेपात काही बदल केला, की ते किती वाढतं आणि किती आकसतं हे आधी मोजावं लागे.

ते मोजायचं यंत्र म्हणजे प्रसरणमापक. एक लहानशी आडवी भट्टी, तिच्यात क्वार्ट्झची, म्हणजे गारगोटी वितळवून केलेल्या काचेची, नळी. नळीत चाचणीची कांडी ठेवायची, माती नाहीतर लेपाची, बोटाएवढी. कांडीला क्वार्ट्झचीच एक दांडी टेकलेली असते, ती भट्टीबाहेर येते आणि तिचं टोक घड्याळासारख्या एका तबकडीच्या काट्याला लागतं. भट्टी अगदी सावकाश तापवायची. कांडी वाढते, दांडीला ढकलते, काटा सरकतो. क्वार्ट्झ स्वतः फारसा वाढत नाही, म्हणून नळी आणि दांडी त्याची. लोखंडाची नळी घेतली तर तीच वाढत बसेल, मग मोजणार काय.

हे सगळं एका छोट्या खोलीत चाले. खिडकी बंद, पंखा बंद, कारण वाऱ्याने फरक पडतो. टेबलाला कुणी टेकायचं नाही. एकाने भट्टीचं तापमान आणि काटा वाचायचा, दुसऱ्याने लिहायचं. दोन वाचनांच्या मध्ये काहीच करायचं नसतं. मुलुंडचा मे महिना, बंद खोली, समोर हजार अंशांकडे निघालेली भट्टी, आणि काटा सरकतोय की नाही हे बघत बसायचं. आधीची माणसं टिकली नाहीत. एकजण म्हणाला, "वैद्यसाहेब, मला भट्टीत घाला पण इथे बसवू नका." मी तिथला केमिस्ट, मला सुटका नव्हती.

सहदेव कणकवलीकडचा. मिसरूड फुटायच्या आधी मुंबईला आला. लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत राहिला, जिथे एक पाळी उठली की तिच्या वळकटीवर दुसरी पाळी झोपे. मिलमध्ये आधी बदली कामगार, मग कायम. कार्डिंग खात्यात होता. तिथे कापूस पिंजला जातो आणि हवेत सतत तूस उडत असतं. तो सांगायचा, पाळी सुटली की सगळे म्हाताऱ्यासारखे दिसायचे, भुवया पांढऱ्या. नळावर तोंड धुतलं की पुन्हा तरुण. ब्याऐंशीच्या गिरणीसंपात तो शेवटपर्यंत राहिला. मोर्चे, गेटसभा, एकदा अटकही. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मिलने त्याला परत घेतलं नाही. लालबागची खोली सोडून तो बायकोला, द्रौपदीला घेऊन भांडुपच्या टेकडीवर आला. काही दिवस घाटकोपरला एका गोदामावर पहारेकरी होता. मग त्याच्याच गावाकडच्या बाळा राणेने त्याला आमच्याकडे चिकटवला. बाळा आमच्या मातीखात्याचा मुकादम.

मातीखातं म्हणजे जिथे कोरडी माती आणि दगडाची भुकटी दळतात ते. कापसाच्या धुळीतून सुटलेला माणूस मातीच्या धुळीत आला. वर्ष व्हायच्या आत त्याची छाती वाजायला लागली. कामगार विम्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि द्रौपदीला आत बोलावून सांगितलं की या माणसाला धुळीतून काढा, नाहीतर थोड्या दिवसांनी हा स्वतःच्या पायांनी टेकडी चढणार नाही. तशी चिठ्ठीही दिली.

आमचे वर्क्स मॅनेजर नंदकिशोर देसाई. वाईट माणूस नव्हता. त्याच्या मागे हेड ऑफिस आणि पुढे कामगार, त्यामुळे तो कायम घाईत. देसाईंनी चिठ्ठी वाचली आणि मला बोलावलं.

"वैद्य, तुमच्या खोलीत माणूस टिकत नाही ना? हा घ्या. बसता येतं का रे तुला?"

"बसतो साहेब," सहदेव म्हणाला.

"नुसतं बसायचं नाही, बघत बसायचंय. बघू काही दिवस. जमलं तर जमलं, नाहीतर परत मातीत."

तेव्हापासून ते वाक्य त्याच्या डोक्यावर राहिलं. कागदावर तो मातीखात्याचाच होता. आमच्या खोलीत तो तात्पुरता.

पण त्याला बसता आलं. इतकं निश्चल बसणारा माणूस मी पाहिला नाही. हात मांडीवर, नजर काट्यावर, आणि छातीतून बारीक शीळ. तो म्हणायचा, "साहेब, मिलमध्ये बसलो असा कधीच नाही. चालत जेवायचो. आता सगळं बसणं एकदम वसूल करतोय." काटा त्याला आवडायचा. मातीच्या कांडीत बारीक दगड मिसळलेला असतो. एका विशिष्ट तापमानाला त्या दगडाची रचना बदलते आणि तो एकदम फुगतो, तेव्हा काटा धावतो. त्या सुमाराला सहदेव पुढे सरके आणि हळूच म्हणे, "चला, आता ह्याका घाई झाली." एवढाच त्याचा विनोद. मला तो रोज ऐकूनही कंटाळा आला नाही.

खोली झाडायला आणि चहा द्यायला मालन यायची. ती साताऱ्याकडची. ती यंत्राला घड्याळ म्हणायची. "काय घाडीभाऊ, किती वाजले तुमच्या घड्याळात?"

"आठशे."

"अगं बाई. मग जेवणाची सुट्टी झालीच असेल."

पंच्याऐंशीची खंडेनवमी. त्या दिवशी मी रजेवर होतो. बोरिवलीला माझ्या थोरल्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. कारखान्यात त्या दिवशी यंत्रांची पूजा असते. भट्ट्या, चाकं, पंप, सगळं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालतात. मॅनेजर स्वतः खात्याखात्यांतून फिरतो, मागे ताट, प्रत्येक यंत्राला हळदकुंकू, नारळ, पेढा. आमच्या खोलीतही सहदेवने सगळं लख्ख केलं होतं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, त्यानंतर मी कामावर गेलो. यंत्राच्या पत्र्याच्या पेटीला माळ होती, कुंकवाची बोटं होती. मी ती पुसायला सांगितली आणि आम्ही कामाला लागलो.

दिवाळी गेली. मग काहीतरी बिघडायला लागलं. एकाच मातीची कांडी एकदा एक सांगे, दुसऱ्यांदा दुसरंच. मी भट्टीच्या तारा तपासल्या, तबकडी तपासली. सहदेवला मी दोनदा विचारलं, "टेबलाला टेकला नव्हतास ना?" त्याला ते लागलं असावं, पण तो फक्त "नाही" म्हणाला. मग एका संध्याकाळी भट्टी गार होत असताना आतून टक असा आवाज आला. फार मोठा नाही. वाटीत चमचा पडावा तसा.

नळी फुटली होती. मी तुकडे बाहेर काढून खिडकीशी नेले. क्वार्ट्झ पाण्यासारखा नितळ असतो. ह्या तुकड्यांवर एका जागी दुधाळ, खरखरीत डाग होता, गोल, आणि फूट तिथूनच सुरू झाली होती. असा डाग कशाने पडतो ते मला पुस्तकातून माहीत होतं. क्वार्ट्झला मीठ, चुना, हाताचा घाम, असलं काही लागलं आणि तो तसाच तापवला तर त्या जागी त्याची काच राहत नाही, खडा बनतो. तो खडा गार होताना वेगळा आकसतो आणि नळी फाटते. म्हणून नळीला उघड्या बोटाने हात लावायचा नाही, चिमटा नाहीतर हातमोजा वापरायचा. हे सहदेवला माहीत होतं. कांडी तो नेहमी चिमट्यानेच ठेवायचा.

मी विचारलं, "सहदेव, इथे कधी काही लागलं होतं का?"

त्याने डागाकडे पाहिलं. लगेच सांगितलं. "कुंकू. खंडेनवमीला. पण मी ओल्या फडक्याने पुसलेलं, साहेब. दुपारीच पुसलेलं."

"नळीला कुंकू लावलंस?"

"पूजा होती ना."

मी त्याला समजावून सांगितलं. कुंकवात चुना असतो, हळद असते, बोटाचा घाम आणि फडक्याचं खारं पाणीही. पुसलं तरी डोळ्याला न दिसणारं काही राहतं, आणि तेवढं पुरतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे माझ्या बोटानं फुटली."

मला हो म्हणवेना आणि नाही म्हणणंही शक्य नव्हतं. मी म्हणालो, "तुला कुणी सांगितलं नव्हतं."

तो उठला आणि थेट देसाईंच्या केबिनकडे गेला. मी मागोमाग.

देसाई फोनवर होते. फोन ठेवल्यावर सहदेवने उभ्या उभ्या सांगितलं, "साहेब, मशीनची नळी फुटली. मी पूजेच्या दिवशी तिला कुंकू लावलेलं, त्याच्यानं फुटली."

देसाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"वाट लागली," देसाई म्हणाले. आवाज चढला नाही. "वैद्य, ही नळी इथे मिळते?"

"नाही साहेब. बाहेरून मागवावी लागेल. आयातीचं लायसन्स वगैरे."

"म्हणजे वर्ष गेलं. वीज मंडळाच्या मालाला रिपोर्ट लागतो तो?"

"बाहेर करून घेऊ. अंधेरीला एक प्रयोगशाळा आहे."

"हेड ऑफिसला मी काय सांगू? कुंकवाने यंत्र मोडलं?" त्यांनी कपाळ चोळलं. "घाडी, अरे तू काय देऊळ समजलास काय त्याला? मी सांगितलं होतं, जमलं तर जमलं. यंत्रच नाही तर तुझं तिथे काय काम? सोमवारी कागद काढतो. मातीखात्यात जा."

मी चिठ्ठीची आठवण दिली. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते बोललो. देसाई म्हणाले, "मला माहीत आहे हो डॉक्टरांनी काय सांगितलंय. दुसरी जागा दाखवा मला, तिथे टाकतो." दुसरी जागा नव्हती. कारखान्यात धूळ नसलेल्या खोल्या दोनच, आमची आणि त्यांची.

बाहेर आल्यावर सहदेव भिंतीला टेकून उभा राहिला. श्वास जागेवर यायला वेळ लागला. मग म्हणाला, "डबा खोलीतच राहिला," आणि तो आणायला गेला.

शनिवारी दुपारी मी हिशेबाचे काही कागद घेऊन देसाईंकडे बसलो होतो. मालन चहा घेऊन आली. कप ठेवला तरी जाईना.

"काय गं?"

"सायेब, एक बोलू?"

"बोल."

"घाडीभाऊंना तुम्हीच म्हणाला होता की. ते पत्र्याच्या पेटीला कुंकू लावत होते. तुम्ही म्हणालात, बाहेरच्या पत्र्याला काय लावतोस, आतल्या जिवाला लाव. मग त्यांनी झाकण उघडलं."

देसाई तिच्याकडे बघत राहिले. "मी म्हणालो?"

"मग काय मी म्हणाले? ताट माझ्या हातात होतं. पेढा तुम्ही उचलला त्यातला."

"वैद्य, तुम्ही होतात तिथे?"

"नव्हतो साहेब. रजेवर होतो. पण मालन उगाच बोलायची नाही."

"तुम्हाला विचारलं तेवढं सांगा."

"तेवढंच सांगतोय," मी म्हणालो.

देसाईंनी चहा ढवळला. साखर आधीच विरघळलेली होती, तरी बराच वेळ ढवळत होते. त्यांना आठवत होतं की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवशी ते वीस यंत्रांपुढून फिरले असतील, प्रत्येक ठिकाणी काहीतरी बोलले असतील. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. जा तू." आणि माझ्या कागदांवर सही करायला लागले.

मला वाटलं, सहदेवला हे कळलं तर बरं वाटेल. झालं उलटच. मालनने त्याला खोलीत येऊन सांगितलं, मी तिथेच होतो. तो एवढा वैतागलेला मी कधी पाहिला नव्हता.

"तुला कोणी सांगितलेलं गं बोलायला?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? खरं ते बोलले."

"खरं माहीत होतं मला. मी बोललो काय?"

"तेच तर. तुम्ही का नाही बोललात?"

तो म्हणाला, "मालनबाय, मी मिलच्या गेटवर दीड वर्ष खरं बोललो. बाजूचा ओरडायचा, मी ओरडायचो. खोटं एक नव्हतं आमचं त्यात. काय झालं? आता मला कोणाला दाखवून द्यायचं नाही, तू असा म्हणालास नि तू तसा म्हणालास. माका कंटाळो इलो त्याचो. मातीत टाकतायत ना, टाकूदे."

"आणि वहिनींनी काय करायचं?" मालन म्हणाली.

त्याने हातातला कप खाली ठेवला.

"तुमचा घसा बसला असेल गेटवर ओरडून," मालन म्हणाली, "माझा शाबूत आहे. मी काही संप केला नव्हता." आणि तिने त्याचा रिकामा कप उचलला आणि गेली.

सोमवारी कागद निघाला नाही. मंगळवारीही नाही. सहदेव रोज सकाळी फाटकाशी नोटिशीच्या फलकापुढे उभा राही. इंग्रजीत काही लावलेलं असलं तर मी येईपर्यंत थांबे. मी वाचून सांगे की ते कँटीनबद्दल आहे, किंवा युनियनच्या निवडणुकीबद्दल. मग आम्ही खोलीवर जात असू. तिथे यंत्र कापडाखाली झाकलेलं. देसाईंनी कागद काढला नाही आणि काढणार नाही असंही सांगितलं नाही. आम्ही अंधेरीला पाठवायच्या कांड्या तयार करायचो. कांडीची दोन्ही टोकं ओल्या काचेवर घासून सपाट करायची. तेवढंच काम. यंत्राजवळ गेला की सहदेव हात पाठीमागे बांधून घेई. मी एकदा म्हणालो, "अरे, आता त्यात काही नाही, हात लाव." तो म्हणाला, "नको, सवय ऱ्हवांदे."

बाळा राणेला त्याचं आमच्या खोलीत जाणं कधीच आवडलं नव्हतं. मीच ह्याला नोकरीला लावला आणि हा साहेब होऊन बसला, असं त्याला वाटे. तो येताजाता हाक मारी, "काय घाडी, कधी येतोस? तुझं फावडं धुऊन ठेवलंय."

"बोलावलं की येतो," सहदेव म्हणे.

"पूजा करून ठेवू काय फावड्याची?"

लोक हसत. सहदेवही थोडं हसे, आणि त्यानेच त्याला खोकला येई.

एका रविवारी मी भांडुपला त्याच्या घरी गेलो. टेकडीच्या पायऱ्या मलाही जड गेल्या. अर्ध्यावर एका किराणा दुकानाबाहेर लाकडी बाकडं होतं. दुकानदार म्हणाला, "घाडींकडे? ते रोज इथे बसून मग वर जातात. तुम्हीपण बसा." घरी सहदेव झोपला होता. द्रौपदीने त्याला उठवू दिलं नाही. ती दारात बसून माझ्याशी हळू आवाजात बोलली.

"वैद्यानू, मी रोज डब्याबरोबर एक धुतलेला फडका देतंय. तोंडाक बांधूक. कधी मातयेत धाडतीत काय नेम. ते म्हणतत, नको. मी तरी घालतंय." मग थांबून म्हणाली, "सायबाक एकदा नीट इचारा ना. हो तर हो, नाय तर नाय. ह्येंका रात्री झोप नाय, दिवसा उठवत नाय."

मी विचारलं. एकदा नाही, दोनदा. देसाई म्हणाले, "बघू." दुसऱ्यांदा म्हणाले, "वैद्य, मी काही केलंय का अजून? नाही ना? मग." मला त्या 'मग'चा अर्थ लावता आला नाही. सहदेवला मी एवढंच सांगितलं की अजून काही ठरलेलं नाही. तो म्हणाला, "मिलवाले पण असंच म्हणायचे."

त्या महिन्यांबद्दल आणखी काय लिहू? वाट बघण्यात काही घडत नाही, म्हणून ते सांगता येत नाही. एखादा दिवस तर आम्ही एकमेकांशी बोललोही नसू. मी माझी कोष्टकं करत बसे, तो खिडकीशी. पंखा आता चालू ठेवता येत होता, तरी तो लावायचं आम्हा दोघांनाही सुचायचं नाही. त्याचे केस त्या काळात पांढरे झाले, आणि ते धुऊन जाणारे नव्हते. मालन यायची, म्हणायची, "घड्याळ बंद पडलंय तर तुम्ही पण बंद पडलात." दोघांपुढे कप ठेवून ती थोडी रेंगाळायची. तिने देसाईंकडे पुन्हा विषय काढला नाही. सहदेवने तिच्याकडून तसं वचन घेतलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात नळी आली. लाकडी खोकं, आत भुसा, भुशात कापडात गुंडाळलेली. खोकं गोदामातून आमच्या खोलीत आलं तेव्हा देसाई मागोमाग आले. बरोबर बाळा राणे होता, खोकं उघडायला पकड घेऊन. मला वाटलं, आता देसाई नव्या माणसाचं नाव सांगतील. सहदेवलाही तेच वाटलं असणार. तो खिडकीपासून उठून दाराशी जाऊन उभा राहिला, डबा हातात घेऊन.

बाळाने खिळे काढले. मी भुसा बाजूला केला. नळी नितळ होती, तिच्यातून पलीकडची भिंत सरळ दिसत होती. देसाईंनी वाकून पाहिलं, पण हात मागेच ठेवले. मग ते वळले.

"घाडी, तिथे काय करतोस? हात धू साबणाने. मोजे घाल आणि बसव ती."

बाळाने पकड खिशात घातली. सहदेव डबा घेऊनच नळावर गेला. परत आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत ओले होते. ते सुकेपर्यंत तो पंखा लावून त्याखाली उभा राहिला, मग पांढरे सुती मोजे घातले. नळी उचलताना त्याने श्वास धरला होता, त्यामुळे छातीतली शीळ बंद झाली आणि खोली एकदम शांत वाटली. नळी बसली. त्याने चिमट्याने कांडी आत सरकवली, दांडी टेकवली, काटा शून्यावर आणला आणि पंखा बंद केला. देसाई अजून उभे होते. भट्टी लावल्यावर काही वेळ त्यांनी काटा बघितला. मग म्हणाले, "हे तर हलतच नाही हो."

"हलेल साहेब," सहदेव म्हणाला. "बसावं लागतं."

देसाई बसले नाहीत. "रिपोर्ट उद्या द्या, वैद्य," म्हणाले आणि गेले. बाळाही गेला.

दिवसभर सहदेव वाचत होता आणि मी लिहीत होतो. काटा धावायची वेळ आली तेव्हाही तो काही म्हणाला नाही, नुसते आकडे सांगितले. संध्याकाळी आम्ही फाटकाबाहेर पडलो. तो कागद कधीच निघाला नाही, आणि सहदेव निवृत्त होईपर्यंत त्याच खोलीत राहिला, पण त्या संध्याकाळी हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

तो चालता चालता थांबला. "वैद्यसाहेब, म्हणजे मी राहिलो काय?"

"राहिलास असं दिसतंय."

"तसं ते म्हणाले नाहीत पण."

"नाही म्हणाले."

"म्हणणार पण नाहीत."

"मला नाही वाटत."

त्याने जरा विचार केला. पाळी सुटलेली माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी निघून जात होती. कुणीतरी त्याला हाक मारली, त्याने हात वर केला.

"बरं," तो म्हणाला. "तुम्ही व्हा पुढे. मी जरा टेकतो." आणि कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर, रस्त्याकडे तोंड करून, तो बसला. मला वाटलं, दम लागला असेल, म्हणून मी थांबलो. पण तसं नव्हतं. त्याचा श्वास नीट चालला होता. तो नुसता बसला होता. मग मीही त्याच्या शेजारी बसलो. रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत आम्ही तिथे होतो, आणि घरी जायची गोष्ट दोघांपैकी कुणी काढली नाही.